राजाने परदेशाहून काय आणले?

माणूस परगावी गेला की येताना काहीतरी घेऊन येतो. पंढरीहून येणारा बुक्का आणि चुरमुरे आणतो. जत्रेहून येणारा बाप पोरांसाठी पिपाणी आणतो. राजेरजवाडे विलायतेला जात, ते झुंबरे आणि घड्याळे आणीत. पण एक राजा अमेरिकेला गेला, आणि तिथली एक रीत मनात ठेवून परत आला. ती रीत पुढे लाकडी पेटीत बसून खेडोपाडी फिरली. त्याची ही हकिगत.

राजाचे नाव सयाजीराव गायकवाड. त्यांचे राज्य बडोद्याचे. पण ते काही राजवाड्यात जन्मले नव्हते. नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या बाजूला कवळाणे नावाचे खेडे आहे. तिथे ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईबापांनी नाव ठेवले गोपाळ. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेतले.

१८७५ साली इंग्रज सरकारने बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून दूर केले. गादी मोकळी झाली. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी भाऊबंदांतली मुले बोलावली. त्यांत कवळाण्याचा गोपाळ होता. "तू इथं कशाला आलास?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "राज्य करायला!" असे सांगतात. खरे असो वा नसो, निवड त्याचीच झाली. तेव्हा त्याचे वय होते १२ वर्षांचे, आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते म्हटले तरी चालेल.

म्हणजे बघा, ज्या वयात इतर मुले पुस्तके वाचतात, त्या वयात हा मुलगा अक्षरे गिरवायला बसला. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा त्याला एकदम शिकाव्या लागल्या. तुमच्यापैकी कुणी तिशीत पाटी हातात घेतली असेल, कुणी पन्नाशीत. बोट अडते, जोडाक्षर अडते, डोके शिणते. हे दुखणे त्या मुलालाही ठाऊक होते. पुढे त्याने जे केले त्याचे मूळ मला इथेच दिसते.

१८८१ च्या अखेरीस सयाजीरावांच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार आला. त्यांनी १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे केले. १९०६ साली हा नियम साऱ्या राज्याला लावला. मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होई. लोक कुरकुरले. "पोरगं शाळेत गेलं, तर गुरं कोण राखील?" असे म्हणणारे तेव्हाही होते.

पण खरी अडचण पुढेच होती. मुलगा चार-पाच वर्षे शिकला, शाळा सुटली, नांगराला लागला. घरात पुस्तक नाही, गावात पुस्तक नाही. मग ती अक्षरे किती दिवस टिकणार? वापरात नसलेल्या विळ्याला गंज चढतो, तसेच हे. राज्याने एवढा खर्च करून शिकवायचे आणि पोराने विसरून जायचे!

त्याच १९०६ साली सयाजीराव आणि महाराणी चिमणाबाई अमेरिकेला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे त्या काळी पुष्कळ लोक मानीत. महाराज तर १८८७ पासूनच परदेशी जाऊ लागले होते. अमेरिकेत त्यांनी शाळा पाहिल्या, कारखाने पाहिले. पण त्यांचे मन गुंतले ते तिथल्या ग्रंथालयांत.

आता कुणी म्हणेल, ग्रंथालये काय आपल्याकडे नव्हती? होती की! पण ती बहुतेक मोठ्या शहरांत, वर्गणी देणाऱ्यांसाठी. पुस्तके कुलूपबंद कपाटात. खेड्यातल्या माणसाला तिकडे फिरकायचे धाडस होत नसे. अमेरिकेतली रीत निराळी होती. तिथे गावाने कर गोळा करायचा, जसा आपण रस्त्यासाठी, पाण्यासाठी देतो तसाच, आणि त्यातून ग्रंथालय चालवायचे. मग तिथे सुतार येवो, मोलकरीण येवो, शाळेतले पोर येवो, पुस्तक फुकट घरी न्यायला मिळायचे. पीटरबरो नावाच्या एका लहानशा गावाने हे १८३३ सालीच सुरू केले होते. जिथे ग्रंथालय नव्हते, अशा आडगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवीत. एका भागात तर १९०५ पासून घोडागाडीत पुस्तके भरून शेतकऱ्यांच्या दारोदार नेत.

त्या देशात अँड्र्यू कार्नेगी नावाचा एक बडा कारखानदार होता. तो लहानपणी गरीब. स्कॉटलंडमधून आईबापांबरोबर अमेरिकेला आला आणि कापडाच्या गिरणीत पोऱ्या म्हणून लागला. त्या गावात एक भला गृहस्थ दर शनिवारी आपली स्वतःची पुस्तके कामकरी पोरांना वाचायला देई. ते कार्नेगी विसरला नाही. पैसा आल्यावर त्याने देशोदेशी मिळून सुमारे अडीच हजार ग्रंथालये बांधायला पैसे दिले. पण त्याची एक अट असे. इमारत मी देतो, जागा गावाने द्यायची आणि दरसाल चालवायचा खर्चही गावाने उचलायचा. मला ही अट फार मोलाची वाटते. फुकट मिळालेल्या विहिरीचा गाळ कुणी काढीत नाही.

महाराज परत आले. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतले. बॉर्डनसाहेब तीन वर्षे राहिले. महाराजांनी आपली खाजगी पुस्तके दिली, सुमारे २०,००० होती ती, आणि त्यांवर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बायकांसाठी आणि मुलांसाठी निराळी सोय झाली. ग्रंथपालाचे काम शिकवायचा वर्ग निघाला. १९१२ साली ग्रंथालयाचे एक नियतकालिकही निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन भाग असत.

पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ती पेटी. फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी असे, आत साधारण १५ ते ३० पुस्तके. गावाने मागितली की ती पाठवायची, वाचून झाली की परत घ्यायची आणि दुसरी धाडायची. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. गावाला कायमचे ग्रंथालय हवे असेल, तर खर्चाचे तीन वाटे होत. एक वाटा गावाचा, एक प्रांताच्या पंचायतीचा, एक सरकारचा. म्हणजे इथेही गावाने हात लावल्याशिवाय गाडा हलत नसे. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी दिव्याच्या यंत्राने पडद्यावर चित्रे दाखवीत.

अमेरिकेतले सगळेच काही महाराजांना उचलून आणायचे नव्हते. आणण्यासारखे ते नव्हतेही. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पुष्कळ ग्रंथालयांत काळ्या लोकांना पाऊल ठेवू देत नसत. सर्वांसाठी म्हणायचे आणि दारात अडवायचे! आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? सयाजीरावांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले. तेच आंबेडकर १९१७ साली बडोद्यात नोकरीला आले, तर त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीतला शिपाई त्यांच्या हातात कागद न देता लांबून टाकी. शेवटी ते नोकरी सोडून निघून गेले. राजाने हुकूम काढून पुस्तकांची पेटी गावोगाव पोचवली. पण शेजारच्याला घरात घ्यावे, हा हुकूम लोकांनी आपल्या मनालाच द्यायचा असतो. तिथे महाराज कमी पडले, असे मला वाटते. लोक तर त्याहून कमी पडले.

आता आपल्याकडचे सांगतो. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावातल्या ग्रंथालयाला सरकारी अनुदान मिळते, मात्र ते चालवणारी मंडळी गावातलीच लागतात. तुमच्या गावात असे ग्रंथालय असेल, तर एकदा आत जा. "मला मोठ्या अक्षरांचं पुस्तक द्या," असे सांगा. लाजू नका. नसेल, तर वर्गातल्या दहा जणांनी एकेक पुस्तक आणून एका पेटीत ठेवा. दर आठवड्याला अदलाबदल करा. कुणी काय नेले ते एका वहीत लिहा. ती वही वर्गातल्याच कुणीतरी लिहावी. गुरुजींकडे देऊ नका. तेवढाच लिहिण्याचा सराव.

सयाजीराव १९३९ साली वारले. त्याआधी, १९३१ साली, मध्यवर्ती ग्रंथालयाला नवी इमारत मिळाली होती. ती आजही वडोदऱ्यात उभी आहे. तिथे पुस्तकांच्या दालनात मजल्यांची जमीन जाड काचेची केली आहे. त्यामुळे वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. कधी कामाने त्या बाजूला जाणे झाले, तर बघून या.