समज आणि समजा

चि. सोनूस,


तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. वाचन स्वच्छ आहे, क्रियापद आलं की मात्र गाडी अडते. 'ते विकत घेतात' वाचताना शेवटचे ई-एन-टी तू अगदी प्रामाणिकपणे उच्चारलेस. अगं, 'आशेतेंत' असं फ्रेंचमध्ये कुणी म्हणत नाही! क्रियापदाचं ते शेपूट लिहायचं, बोलायचं नाही.

मग घेणारा एक की अनेक, हे कानाला कळतं ते सर्वनामाच्या जोडावरून. तो घेतो: इ-ला-शेत. ते घेतात: इल्-जा-शेत (ज 'बाजार'मधला). क्रियापद व्यंजनाने सुरू झालं तर ही सोयही गेली. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' दोन्ही 'इल् पार्ल'च.

खरी गंमत पुढे आहे. 'आम्ही घेतो' म्हणजे नू-जाश्-तों. लिहिताना श आणि त यांच्यामध्ये ई आहे, बोलताना तो गिळला जातो. 'तू आशेत' म्हणताना मात्र तोच ई ठणठणीत 'ए' होतो, कारण आता शेवटचं अक्षर त्याच्यावरच उभं आहे आणि फ्रेंचचा जोर शेवटच्या अक्षरावर पडतो. म्हणून तर त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ येते. 'हाक मारणे'चं 'आप्ले' हेच करतं, पण तिथे रेघेऐवजी एल दुप्पट. १९९०च्या लेखनसुधारणेनेही ते तसंच ठेवलं, त्यामुळे पाठ कर आणि सोड.

हे तुला अवघड का वाटावं? 'समज' म्हण: स-मज्. आता 'समजा': सम्-जा. 'म'मधला अ गेला ना? शाळेत कुणी शिकवलं होतं? तुझी जीभ लहानपणापासून हे करते आहे.

मी शिकताना हनुवटीखाली तळहात धरून बोलायचे. हनुवटी जितक्यांदा खाली येते तितकी अक्षरं. वहीत रेघा मारून शब्द तोडण्यापेक्षा हे बरं. मार्सेयकडची माणसं तो गिळला जाणारा ई बोलतात आणि जुन्या छंदातल्या कवितेत व्यंजनाआधी तो मोजतात, पण ते पुढच्या वर्षी.

रविवारपर्यंत 'समज, समजा, तू आशेत, नू-जाश्-तों' असं ओळीने म्हणून पाठव. आईला सांग, लोणचं पोचलं.

तुझी,
आत्या