शंका-समाधान : कोरोनात राहून गेलेली तपासणी

प्रश्न : कोरोनाच्या वर्षात गुप्तरोगाचे रुग्ण कमी नोंदले गेले, असे एका बैठकीत ऐकले. माणसे घरातच होती, म्हणजे आजारही कमी झाला असेल ना?
– एक आशाताई, साखरा (ता. सेनगाव)

उत्तर : ताई, थोडाफार कमी झालाही असेल, पण नोंदी घटल्या त्या मुख्यतः तपासणी घटल्यामुळे. मार्च 2020 अखेर एसटी थांबली. साखऱ्याच्या माणसाने सेनगाव किंवा हिंगोली गाठायचे कसे? आयसीटीसीतले, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रातले, समुपदेशक आणि लॅब टेक्निशियन ठिकठिकाणी कोरोनाच्या कामाला जुंपले गेले. ज्याला जळजळ होती त्याने मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही.

क्षयरोगाचे पाहा. देशात 2019 मध्ये सुमारे 24 लाख रुग्ण नोंदले गेले, 2020 मध्ये 18 लाख. एका वर्षात पाव क्षयरोग गेला, असे कोणी म्हणणार नाही. क्षयरोग्याचा खोकला निदान घरच्यांना ऐकू येतो. गुप्तरोगात तर अनेकांना, विशेषतः बायकांना, काही जाणवतच नाही.

अमेरिकेतले आकडे याहून बोलके आहेत. तिथे 2020 मध्ये क्लॅमिडियाच्या नोंदी आदल्या वर्षापेक्षा 13 टक्क्यांनी घटल्या. त्याच वर्षी जन्मतःच सिफिलिस असलेली बाळे मात्र सुमारे 15 टक्क्यांनी वाढली. क्लॅमिडिया बहुतेकदा लक्षणांवाचून असतो, शोधला तरच सापडतो. आजारी जन्मलेले बाळ दवाखान्यात येतेच. म्हणून मी दुसऱ्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

आपल्याकडे एप्रिल 2020 मध्ये ऊसतोड मजूर कारखान्यांच्या भागातून गावी परतले. नाक्यानाक्यावर ताप पाहिला, खोकला विचारला. शाळेत विलगीकरणात, चार माणसांत बसलेली बाई ‘अंगावरून पांढरे जाते’ हे कुणाला सांगणार होती? ते तुम्हालाच सांगितले जाते, ताई. अशी बाई आली तर तिला आरोग्य केंद्रात घेऊन जा. लक्षणांनुसार रंगीत किट मोफत मिळते : योनीमार्गाच्या स्रावाला हिरवे, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळे. लैंगिक संबंधातून आलेला आजार असेल तर नवऱ्यालाही उपचार लागतात, नाहीतर चार आठवड्यांत ती पुन्हा तुमच्या दारात.

प्रश्न : लॉकडाऊन उठल्यावर पुण्यात कामाला असताना माझ्या लिंगावर फोड आला होता. दुखला नाही, महिनाभरात आपोआप बरा झाला. नंतर लग्न झाले. आता पत्नीला तिसरा महिना आहे. बरे झालेले उकरून काढावे का?
– नाव दिलेले नाही, जि. हिंगोली

उत्तर : काढावे, आणि याच आठवड्यात. न दुखणारा, आपोआप भरून येणारा फोड ही सिफिलिसची, म्हणजे गरमीची, नेहमीची सुरुवात आहे. फोड जातो, जंतू राहतात. पुढे बऱ्याचदा काही वर्षे काहीच दिसत नाही. तुमचा फोड तोच होता की नाही, हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

दोघांनी मिळून सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा हिंगोलीच्या सरकारी रुग्णालयात जा. सिफिलिस आणि एचआयव्ही, दोन्ही तपासण्या करा. गरोदरपणात त्या होतातच. पत्नीच्या कार्डावर सिफिलिसचा निकाल लिहिला आहे का, तेवढे पाहा. फोडाची गोष्ट डॉक्टरांना नक्की सांगा.

सिफिलिस निघालाच तर उपाय जुना आणि खात्रीचा आहे : बेंझाथिन पेनिसिलिन, एका वेळी 24 लाख युनिट. संसर्ग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शने. गर्भातल्या बाळापर्यंत पोचणारे हेच औषध, म्हणून तिसऱ्या महिन्यात कळले तर बाळ वाचवायला भरपूर वेळ हाती असतो. उपचार न झाल्यास गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकते.

गावात कळेल याची धास्ती मला समजते. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. आधी कुणाशी बोलायचे असेल तर 1097 हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येते.