आधी फोन कर, बाकीचं नंतर बोलू

ती माझ्याकडे आली तो पाचवा दिवस होता. सोबत खोलीवर राहणारी मैत्रीण होती. खुर्चीच्या अगदी कडेला बसून, ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत ती एकच विचारत राहिली, "डॉक्टर, पाळी वेळेवर येईल ना?" मग हळूहळू उलगडलं. दोन महिन्यांच्या ओळखीच्या मुलाबरोबर ती जेवायला गेली होती. तिथून तो तिला मित्राच्या फ्लॅटवर घेऊन गेला. ती नको म्हणत असताना त्याने जबरदस्ती केली.

"मधले चार दिवस कोणाला काही सांगितलंस?" मी विचारलं.

"आई म्हणाली असती, गेलीसच कशाला?"

पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवून गर्भधारणा टाळता येते, म्हणून तेवढं तरी आम्हाला साधलं. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्यांची वेळ मात्र टळून गेली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण ते चार दिवस खरे आहेत आणि आज त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

आपण मुलींना अंधाराची आणि अनोळखी माणसाची भीती घालतो. प्रत्यक्षात आपल्या देशात नोंद होणाऱ्या बलात्काराच्या दहा गुन्ह्यांपैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. मित्र, शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन दिलेला. तेव्हा "सातच्या आत घरात" एवढ्यावर सुरक्षितता भागत नाही. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हा करणाऱ्याचीच असते, हे मनात पक्कं ठेवून पुढची काळजी वाचा.

भेटायला जाताना

डेटिंग ॲपवरची ओळख असेल, तर आधी व्हिडिओ कॉलवर बोला. पहिल्या दोन-तीन भेटी वर्दळीच्या ठिकाणी आणि शक्यतो दिवसा ठेवा. जाण्या-येण्याची सोय स्वतःची असू द्या, म्हणजे निघायचं कधी ते तुम्हीच ठरवाल. कुठे, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत हे एका मैत्रिणीला सांगून लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. दोघींत एक खुणेचा शब्द ठरवा. "मावशी आली का?" असा मेसेज आला, की मैत्रिणीने लगेच फोन करायचा आणि तुम्ही त्या निमित्ताने उठायचं. ऐन वेळी "इथे फार गोंगाट आहे, रूमवर जाऊ" असं कोणी म्हणालं, तर "आज नको" एवढं उत्तर पुरतं. कारण देत बसू नका. तुमच्या "नाही"वर समोरचा रुसतो, भरीस पाडतो की सहज मान्य करतो, यावरून माणूस कळतो.

पार्टीत, गरब्यात, थर्टी फर्स्टला

पेयात गोळी टाकण्याची भीती सगळ्यांना माहीत आहे. आपला ग्लास नजरेआड करू नये, हे खरंच. पण शुद्ध हरपवण्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाते ती साधी दारूच. "अजून एक घे ना" म्हणत आग्रह करणाऱ्यावर लक्ष ठेवा. थोडंसंच घेऊन एकाएकी खूप गरगरलं, जीभ जड झाली, पाय लटपटले, तर एकटीने बाथरूममध्ये किंवा बाहेर जाऊ नका, मैत्रिणीचा हात धरा. सगळ्या मिळून गेलात तर सगळ्या मिळूनच परत या. झिंगलेल्या मैत्रिणीला "तो सोडेल तिला" म्हणून कोणाच्या हवाली करू नका.

मुलांनो, तुमच्यासाठी

गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. कायदाही हेच सांगतो: प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती दिली असं धरता येत नाही, आणि नशेमुळे काय चाललंय हे न कळणाऱ्या मुलीचा होकार हा होकार नसतो. अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायदा मानतच नाही. मित्र चुकीच्या वाटेवर दिसला तर त्याला तिथेच अडवा. आणि अत्याचार तुमच्यावर झाला असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरकडे या. मुलांवरही अत्याचार होतात.

घडलंच, तर

"मी ओरडले का नाही?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीला छळतो. अतिभीतीत शरीर थिजतं, आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. ही मेंदूची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, तुमचा दोष नव्हे.

आधी सुरक्षित जागी जा आणि भरवशाच्या माणसाला बोलवा. लगेच मदत हवी असेल तर 112, महिलांसाठी 181. मग थेट रुग्णालय गाठा. गर्भधारणा टाळणारी गोळी 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी उपयोगी. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो पहिल्या काही तासांत आणि फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागतात, पुढे 28 दिवस चालतात. कावीळ-बी ची लस आणि इतर लैंगिक आजारांवरचं औषधही मिळतं.

जमलं तर तपासणीआधी अंघोळ करू नका. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. गुंगीचं औषध दिल्याची शंका असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा, लघवीचा पहिला नमुना महत्त्वाचा असतो. अंघोळ झाली असली, दिवस उलटले असले, तरीही या.

सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा वेळी मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. पण तक्रारीबद्दल तुमचं मन ठरलेलं नसलं तरी उपचार अडवता येत नाहीत, आणि तुमच्या संमतीशिवाय तपासणी होत नाही. कौमार्य तपासणारी 'टू फिंगर टेस्ट' अशास्त्रीय आहे. ती करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं आहे. तक्रार करायची झाली तर कोणत्याही पोलीस ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. समुपदेशन आणि कायद्याची मदत 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये एकाच जागी मिळते. नंतर झोप उडणं, दचकून जागं होणं, जेवण न जाणं हे आठवडाभरात सरेलच असं नाही. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

आई-बाबांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज रात्री जेवताना मुलीला आणि मुलालाही सांगा: "कुठेही अडकलास, अडकलीस, रात्रीचे कितीही वाजले असोत, आधी फोन कर. बाकीचं नंतर बोलू." आणि तो फोन आला, तर हा शब्द पाळा.

त्या दिवशी त्या मुलीने माझ्यासमोरच घरी फोन लावला. रडत रडत, अर्धंमुर्धं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आईचा आवाज आला, "जेवलीस का गं काही?" दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आई आली. "गेलीसच कशाला" हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही.