जुन्या मोटारीची उंची आणि स्प्रिंगचे गणित

मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट या नावाने आलेल्या या गाडीला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले आणि पुढे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईची ओळख होऊन बसली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. खाजगी मालकीच्या काही गाड्या मात्र आजही हौसेने जपल्या जातात. अशी गाडी दुरुस्त करून घेताना तरुण मंडळींच्या मनात एक इच्छा हमखास येते, ती म्हणजे गाडी थोडी ‘खाली बसवावी’. गॅरेजमध्ये या इच्छेवर तत्काळ उपाय सुचविला जातो: पुढची स्प्रिंग काढून तिचे एक वेटोळे कापून टाकावे. खर्च जवळजवळ नाही आणि काम एका दिवसाचे. या स्वस्त उपायात नेमके काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम गाडीची रचना पाहू. पद्मिनीच्या पुढच्या दोन चाकांना गुंडाळी स्प्रिंग आहे, तर मागे बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सर्वांना परिचित असलेले कमानीचे पाटे आहेत. त्याच काळातील अॅम्बॅसॅडरच्या पुढच्या बाजूस गुंडाळी स्प्रिंगच नाही. तेथे पिळली जाणारी पोलादी कांब तेच काम करते. तेव्हा एका गाडीचा उपाय दुसरीला लागू होईल असे गृहीत धरू नये. पद्मिनीचे केवळ पुढचे वेटोळे कापले तर गाडी नाक खाली घालून उभी राहते. मग तोल साधण्यासाठी मागचा एखादा पाटा काढण्याचा मोह होतो आणि भार वाहण्याची शक्ती तेथेही घटते.

वेटोळे कापल्यावर काय होते?

स्प्रिंगवरील भार आणि तिचे दबणे यांचे प्रमाण ठरलेले असते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. हा नियम शाळेत शिकविला जातो. शिक्षक बंधुभगिनींना पुढील उदाहरण वर्गातही वापरता येईल. समजा, एका स्प्रिंगची मोकळी उंची ३२० मिलिमीटर आहे, तिला काम करणारी ८ वेटोळी आहेत आणि ती दर ४ किलोग्रॅम भाराला १ मिलिमीटर दबते. तिच्यावर ४०० किलोग्रॅम भार आला की ती १०० मिलिमीटर दबून २२० वर स्थिरावते. आता ४० मिलिमीटर उंचीचे एक वेटोळे कापले. मोकळी उंची २८० झाली. परंतु वेटोळी कमी झाली की स्प्रिंग ताठ होते, कारण तेवढीच पिळण आता कमी लांबीच्या तारेवर पडते. ताठरपणा ८ ला ७ या प्रमाणात वाढून सुमारे ४.५७ किलोग्रॅम प्रति मिलिमीटर होतो. त्याच भाराखाली ती आता ८७.५ मिलिमीटर दबते व १९२.५ वर थांबते. म्हणजे ४० मिलिमीटर कापूनही स्प्रिंग २७.५ मिलिमीटरच खाली आली.

इथवर सर्व ठीक वाटते. परंतु चाकाशी येऊन पाहिले की चित्र बदलते. पद्मिनीसारख्या गाडीत स्प्रिंग चाकाच्या बरीच आतल्या बाजूस, हलणाऱ्या भुजेवर बसविलेली असते. ती भुजेच्या मध्यावर आहे असे धरले, तर चाकावरील २०० किलोग्रॅम भाराचे स्प्रिंगवर ४०० होतात आणि स्प्रिंग २७.५ मिलिमीटर खाली आली की गाडी ५५ मिलिमीटर खाली येते. जो कारागीर केवळ स्प्रिंग मोजतो, त्याचा अंदाज येथेच चुकतो.

यापुढचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाकाला वर सरकण्यास काही जागा ठेवलेली असते. ती संपली की भुजा रबरी ठोकळ्यावर आदळते. ही जागा मुळात ७५ मिलिमीटर असेल, तर आता २० उरते. धक्का पचविण्याची क्षमता ताठरपणाबरोबर सरळ, पण जागेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ताठरपणा सातव्या हिश्शाने वाढला. जागा मात्र पाव हिश्शाच्या जवळ आली. गुणाकार केला तर रबरी ठोकळ्यापर्यंत धक्का पचविण्याची शक्ती पूर्वीच्या बाराव्या हिश्शापेक्षाही थोडी कमी भरते. गाडीच्या पोटाखाली दिसणारी मोकळी जागा ही निकामी पडलेली जागा नव्हे. ती धक्क्यासाठी राखून ठेवलेली असते.

रस्त्यावरचा साधा गतिरोधक घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन तो सुखरूप ओलांडते. गावोगावी मातीमुरूम टाकून रातोरात उभे राहणारे आखूड, टोकदार उंचवटे या मापात बसत नाहीत, हे पंचायत सदस्यांनी एकदा टेप लावून अवश्य पाहावे. अशा उंचवट्यावर मूळ उंचीची गाडीही कण्हते. खाली बसविलेली गाडी सरळ ठोकळ्यावर आदळते आणि तो मार सांधे, वेल्डिंग व प्रवाशांची पाठ यांच्यावर जातो.

पोलादाचे पाणी

वेटोळे कापण्याऐवजी ते गॅसच्या ज्योतीने तापवून गाडी हवी तेवढी खाली बसू द्यावी, अशीही एक रीत आहे. ती सर्वांत वाईट होय. लोहार कोयत्याला पाणी देतो तसे स्प्रिंगच्या पोलादालाही प्रथम तापवून, विझवून आणि मग बेताच्या उष्णतेवर ठेवून गुण आणलेला असतो. लाल होईपर्यंत ते पुन्हा तापविले की हे पाणी उतरते. तेवढा भाग मऊ पडतो, त्याच्या शेजारी ठिसूळ पट्टा राहतो आणि स्प्रिंग पुढे कधी बसेल वा तुटेल हे सांगता येत नाही. गॅस कटरने कापण्यातही तोच धोका आहे. शिवाय ज्या स्प्रिंगचे टोक घासून सपाट केलेले असते किंवा आत वळविलेले असते, ते टोक कापल्यावर ती आपल्या बैठकीत नीट बसत नाही. मग वळणावर चाक मोकळे पडते तेव्हा ती सरकण्याची भीती असते.

स्प्रिंग काढण्याचे कामही बेफिकिरीचे नाही. वरच्या उदाहरणातील मूळ स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबलेली असताना तिच्यात सुमारे २०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. वीस किलोचे पोते एक मीटरवरून पडावे तेवढा हा तडाखा आहे. गाडी केवळ जॅकवर न ठेवता मजबूत घोडीवर ठेवावी, स्प्रिंग दाबण्याचे योग्य साधन वापरावे आणि तिच्या समोर कोणी उभे राहू नये.

उंची बदलली की इतरही गोष्टी बदलतात. चाकांचा कल व रोख बिघडून टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटचा झोत सरकतो. जुन्या मापाचा शॉक अॅब्सॉर्बर ताठ झालेल्या स्प्रिंगची उसळी पूर्वीइतकी आवरू शकत नाही. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या उंचीवरून ठरतो. तेथे मागची बाजू खाली आली की झडपेला गाडी भरलेली वाटते आणि मागची चाके अकाली जखडतात.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मुळात दिलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अननुज्ञेय बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा गाडीची तपासणी होतेच. बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे श्रेयस्कर.

उंच गाडी वळणावर अधिक कलते आणि भारमध्य खाली आणला की ती अधिक स्थिर राहते, हे खरे आहे. शर्यतीच्या गाड्या बुटक्या असतात त्या उगीच नव्हे. परंतु तेथे स्प्रिंग नव्याने आखलेली असते. तारेचा व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो. म्हणून जाड तारेची, आखूड आणि टोके व्यवस्थित असलेली स्प्रिंग घडवून घेणे, तिला जुळेल असा शॉक अॅब्सॉर्बर बसविणे, उंची थोडीच घटविणे आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घेणे, असा तो मार्ग आहे. त्याआधी एक मोजमाप मात्र अवश्य करावे. चाळीस वर्षे भार वाहिलेली स्प्रिंग मुळात बसलेली असते. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि डावी-उजवी बाजू ताडून पाहावी. पुष्कळदा असे आढळते की, जी गाडी खाली बसवावयाची म्हणून आणली, तिला मूळ उंचीवर आणणारी नवी स्प्रिंगच हवी होती.