एच.आय.व्ही.बाधितांमधील तंबाखूसेवन : एक उपेक्षित अपथ्य

एच.आय.व्ही.बाधित रुग्णास आज जे दीर्घायुष्य लाभत आहे, ते प्रामुख्याने ए.आर.टी. औषधांमुळे होय. १ एप्रिल २००४ पासून शासनाने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, आणि २०१७ पासून सी.डी.४ पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच औषधे सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. परिणामी एकेकाळी असाध्य मानला गेलेला हा व्याधी आता याप्य कोटीत आला आहे. याप्य व्याधीत औषधाइतकेच पथ्याला महत्त्व असते, हे वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. तथापि या रुग्णांच्या पथ्याचा विचार करताना आपण आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांवर विस्ताराने बोलतो. खिशातील विडीच्या बंडलाविषयी मात्र बहुधा विचारतही नाही. या उपेक्षित अपथ्याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडील स्वरूप

नाशिक जिल्ह्यात तंबाखू सर्वत्र आढळते. सिन्नर हे तर विडी वळण्याच्या व्यवसायाचे जुने केंद्र. मुंबई-आग्रा महामार्गावरील ट्रकचालक, बाजार समित्यांतील हमाल, सातपूर-अंबडचे कामगार, द्राक्षबागांतील मजूर अशा सर्व थरांतील रुग्ण आपल्याकडे येतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. त्यांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही प्रकार करणारे. म्हणून रुग्णास केवळ ‘विडी-सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारणे अपुरे आहे. चुना-तंबाखू, मावा, गुटखा आणि विशेषतः स्त्रियांमधील मिश्री यांची पृथक् चौकशी करावी. मिश्री लावणारी स्त्री स्वतःस व्यसनी समजत नाही. तिच्या लेखी ते दात घासणेच असते.

शास्त्रीय विचार

काही रुग्ण, आणि क्वचित वैद्यही, चरकसंहितेतील धूमपानाचा दाखला देऊन विडीचे समर्थन करतात. हा केवळ शब्दसाम्याने झालेला भ्रम आहे. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात वर्णिलेले प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक धूमपान हे औषधी द्रव्यांच्या वर्तीचे आहे. त्याचे आठ काल, मात्रा, विधी आणि निषेध निश्चित केलेले आहेत. अतिधूमपानाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त व शिरोभ्रम होतात, असेही तेथे सांगितले आहे. तंबाखूची वनस्पती मुळात अमेरिकेतील. पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली. तिचा उल्लेख बृहत्त्रयीत असणे शक्यच नाही. तो योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात येतो. सबब विडीला संहितेचा आधार देता येत नाही.

या रुग्णांत ओजःक्षयाची लक्षणे आढळतात, असे आपल्यातील अनेकांचे मत आहे. ते मान्य केले, तर उष्ण, तीक्ष्ण, रूक्ष अशा तंबाखूने ओजाच्या विरुद्ध गुणांचाच नित्य उपचार होत असतो, हेही मान्य करावे लागेल. एका हाताने रसायन द्यावयाचे आणि दुसरीकडे हा उपचार चालू ठेवावयाचा, हे छिद्र पडलेल्या घटात पाणी भरण्यासारखे आहे.

आधुनिक संशोधनाची साक्ष

डेन्मार्कमधील बाधित रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे उपचार सर्वांना सुलभ आहेत. त्या अभ्यासात पस्तीस वर्षांच्या बाधित व्यक्तीच्या आयुष्यातून एच.आय.व्ही.मुळे सुमारे ५ वर्षे, तर धूम्रपानामुळे सुमारे १२ वर्षे कमी होतात, असे आढळले. अमेरिकेतील २०१७ च्या एका अभ्यासातील अनुमान असे की, औषधे नियमित घेणाऱ्या परंतु धूम्रपान चालू ठेवणाऱ्या रुग्णास एड्सने मृत्यू येण्यापेक्षा फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा संभव ६ ते १३ पट अधिक असतो. हे आकडे परदेशातील आहेत. आपल्याकडे क्षयरोगाची भर असल्याने चित्र निराळे, पण सौम्य खचितच नाही. एच.आय.व्ही. आणि धूम्रपान ही दोन्ही क्षयरोगाची स्वतंत्र कारणे होत, आणि एकाच देहात ती एकत्र येतात. याशिवाय हृद्रोग, चिरकारी श्वास, मुखातील कँडिडाचा संसर्ग, तसेच स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा धोका बाधितांमध्ये मुळातच अधिक असतो, आणि धूम्रपानाने तो वाढतो.

रुग्णपरीक्षण

‘गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट चांगला आहे, मग विडीनं काय होतंय, डॉक्टर?’ हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. रिपोर्ट विषाणूचा असतो, फुप्फुसाचा नव्हे, हे त्यास शांतपणे समजावून द्यावे. काही रुग्णांच्या प्रश्नामागे निराळीच भावना असते : ‘आता किती दिवस राहिलेत, तेवढं तरी सुख असू द्या.’ येथे व्याख्यानाचा उपयोग नाही. औषधे नियमित घेणारा रुग्ण आपली मुले मोठी झालेली पाहू शकतो, हे सांगितल्यावाचून तो विडी सोडण्याचे कारणच शोधू शकत नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना खोकल्याविषयी. ‘हा विडीचा खोकला’ असे रुग्णही म्हणतो आणि आपणही मान्य करतो. बाधित व्यक्तीत कितीही दिवसांचा खोकला, ज्वर, वजन घटणे वा रात्री घाम येणे यांपैकी एकही लक्षण असल्यास प्रथम क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. केवळ सितोपलादि चूर्ण देऊन आठवडे घालविणे हे रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या जिवावर बेतू शकते.

व्यसनमुक्तीचा उपक्रम

अहितकर सवय सोडण्याचा पादांशिक क्रम चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितला आहे. अहिताचा चतुर्थांश सोडीत व हिताचा चतुर्थांश स्वीकारीत, टप्प्यांमध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवून पुढे जावे, असा त्याचा आशय आहे. दिवसाला सोळा विड्या ओढणाऱ्यास बारा, आठ, चार व शून्य असा क्रम लावून देता येतो. येथे दोन गोष्टींचे भान ठेवावे. विड्यांची संख्या घटली की रुग्ण नकळत झुरका खोल घेतो, त्यामुळे लाभ घटतो. शिवाय २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात हळूहळू सोडणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांना अधिक यश आले. म्हणून ज्याची तयारी आहे त्याने एकदम सोडावे. ज्याचे धैर्य होत नाही त्यास पादांशिक क्रम द्यावा, मात्र शून्याची तारीख पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहावी. ती पंधरा दिवसांच्या आतील असावी.

सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस कठीण असतात. चिडचिड, अनिद्रा, अतिक्षुधा व मलावष्टंभ ही लक्षणे साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. ‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार तर ठरलेलीच. त्यासाठी कोमट पाणी, भिजविलेल्या मनुका आणि रात्री दुधातून तूप द्यावे. सायंकाळी पादाभ्यंग करण्यास सांगावे. तलफ आली असता बडीशेप, लवंग वा आवळकाठी तोंडात धरावी. सुपारी मात्र पर्याय म्हणून कदापि देऊ नये. तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक आहे. तलफ तीव्र असणाऱ्यास निकोटीनच्या गोळीचा वा अन्य औषधांचा उपयोग होतो. त्यासाठी त्यास ए.आर.टी. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते. पहिल्या आठवड्यात एकदा व महिन्यात पुन्हा रुग्णास बोलवावे. पुन्हा ओढू लागल्यास रागावू नये, नवी तारीख द्यावी.

सावधानता

(१) ए.आर.टी. बंद करण्याचा सल्ला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. एड्स बरा करण्याचा दावा औषधांच्या जाहिरातीत व लेबलावर करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ‘जे’ ने मनाई केली आहे.

(२) सध्या प्रचलित असलेल्या डोल्युटेग्रॅविर या औषधाचे शोषण लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांच्या सान्निध्याने घटते. म्हणून लोहभस्म, मंडूर, शंखभस्म, प्रवाळ, यशदभस्म इत्यादी कल्प देताना ते औषध आधी घेऊन निदान दोन तासांनी, अथवा ते औषध घेण्यापूर्वी सहा तास, असे अंतर ठेवावे. आपण देत असलेले कल्प रुग्णाने ए.आर.टी. केंद्रात दाखवावेत, असे त्यास सांगावे.

(३) एच.आय.व्ही.विषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाच्या संमतीविना त्याची स्थिती उघड करता येत नाही. कुटुंबीयांना व्यसनमुक्तीत सहभागी करताना तंबाखूविषयीच बोलावे, एच.आय.व्ही.चा उल्लेख टाळावा.

उपसंहार

धूम्रपान सोडल्यानंतर एका वर्षात हृद्रोगाचा अतिरिक्त धोका सुमारे निम्म्याने, तर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. हा लाभ देणारे रसायन कोणत्याही फार्मसीत मिळत नाही. ए.आर.टी. केंद्रात रुग्ण महिन्यातून वा काही महिन्यांतून एकदा जातो, तेथे गर्दी असते. आपल्या चिकित्सालयात तो सर्दी-पडशासाठीही येतो आणि निवांत बोलतो. हा निवांतपणा हेच आपले सामर्थ्य होय. प्रत्येक सभासदाने केसपेपरवर नाडी व जिव्हा यांच्या नोंदीशेजारी ‘तंबाखू : कोणती, किती, केव्हापासून’ अशी एक ओळ यापुढे नियमित लिहावी, एवढीच आमची विनंती आहे.