दहा कोटी न्यूट्रॉन आणि त्यापुढचे प्रश्न

मी मूल गावचा. सुटीत गावी आलो की बी.एस्सी.ची मुलं भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, तुमच्या यंत्रात खरंच फ्यूजन होतं का?" होतं. ते यंत्र म्हणजे प्लाझ्मा फोकस: विजेच्या झटक्याने वायूचा प्लाझ्मा करून तो दाबणारं. त्यावर काम करताना जे कळलं, ते या मुलांसाठी लिहितो आहे.

1. आधी हिशेब करा. आमचं यंत्र प्रा. सिंग ली यांनी 1980च्या दशकात मलेशियात विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठी घडवलेल्या यंत्राच्या धर्तीवरचं आहे. 30 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 15 किलोव्होल्टला भरला की सुमारे 3.4 किलोज्युल साठतात. चांगल्या शॉटला ड्यूटेरियममधून (जड हायड्रोजनमधून) दहा कोटींच्या घरात न्यूट्रॉन मिळतात. आकडा ऐकून मुलं हरखतात, तेव्हा मी पेन त्यांच्याच हाती देतो. सोबत होणारी, ट्रिटियम आणि प्रोटॉन देणारी अभिक्रिया धरली तर एका न्यूट्रॉनमागे सुमारे 7.3 एमईव्ही ऊर्जा सुटते. गुणाकार केला की जेमतेम एक दशांश मिलिज्युल येतो. आपण ओतलेली ऊर्जा त्याच्या जवळपास 3 कोटी पट! हे वीजघर नाही, न्यूट्रॉनचा स्रोत आहे.

2. वेळ साधली पाहिजे. विद्युतप्रवाह सुमारे 3 मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. नेमका तेव्हाच प्लाझ्माचा पडदा अ‍ॅनोडच्या टोकाशी पोचून आत दाबला गेला पाहिजे. वायूचा दाब वाढला की पडदा रेंगाळतो, कमी झाला की आधीच पोचतो. रोवणीच्या वेळी पाऊस मागेपुढे झाला की धानाचं काय होतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, इथेही तसंच. शिवाय विद्युतरोधक काचेची नवी नळी बसवली की सुरुवातीचे शॉट कमजोर जातात. ते मोजणीत धरू नयेत.

3. एका साक्षीदारावर विसंबू नका. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, त्यामुळे तो थेट पकडता येत नाही. आम्ही मेणाच्या ठोकळ्यात चांदीचा पत्रा गुंडाळलेली गायगर नळी ठेवतो. मेणात मंदावलेले न्यूट्रॉन चांदीला किरणोत्सारी करतात आणि नळी तो किरणोत्सार मोजते. चांदीचं एक समस्थानिक साधारण 25 सेकंदांत निम्मं होतं, दुसऱ्याला सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून दोन शॉटच्या मध्ये थांबावंच लागतं. घाई केली तर आधीच्या शॉटचे न्यूट्रॉन पुढच्याच्या नावावर चढतात.

दुसरा साक्षीदार सिंटिलेटर, म्हणजे किरण पडला की चमकणारा शोधक. तो 5 मीटरवर ठेवला की ऑसिलोस्कोपवर क्ष-किरणांचं टोक आधी उमटतं आणि 2.45 एमईव्हीचे न्यूट्रॉन साधारण 215 नॅनोसेकंदांनी मागून येतात. मग ड्यूटेरियम काढून साधा हायड्रोजन भरायचा. पहिलं टोक राहिलं आणि दुसरं गेलं, तरच मी न्यूट्रॉनवर विश्वास ठेवतो. ही कसोटी मला सगळ्यात प्रिय आहे, कारण तिला महागडं काहीच लागत नाही.

4. न्यूट्रॉन आले म्हणजे वायू तेवढा तापला, असं नव्हे. 1958च्या जानेवारीत ब्रिटनच्या झीटा यंत्रात फ्यूजन साधल्याची बातमी जगभर गाजली आणि काही महिन्यांत मागे घ्यावी लागली. न्यूट्रॉन खरे होते, पण तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते. प्लाझ्मा फोकसमध्येही बराच वाटा वेगवान ड्यूटेरॉनच्या (ड्यूटेरियमच्या केंद्रकांच्या) झोताचा असतो. अक्षाच्या दिशेने न्यूट्रॉन जास्त आणि अधिक ऊर्जेचे मिळतात, म्हणून एकाच कोनातून मोजून एकूण संख्या सांगू नये.

5. कपॅसिटर रिकामा केला तरी त्यात थोडं व्होल्टेज पुन्हा चढतं. अर्थिंगची दांडी लावूनच ठेवा. यात सवलत नाही.

6. एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? अमेरिशियम-बेरिलियमचा स्रोत रात्रंदिवस न्यूट्रॉन सोडतो; हे यंत्र बटण दाबल्यावरच. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटाने बॅटरीवर चालणारा, सीलबंद, टेबलावर मावणारा प्लाझ्मा फोकस बनवून 2008 साली त्यावर शोधनिबंध लिहिला. लपवलेली स्फोटकं हुडकण्यासाठी आणि न्यूट्रॉन मोजणारी उपकरणं पारखण्यासाठी असे स्रोत हवे असतात. आमच्या भागातल्या, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातही असं एक छोटं यंत्र असावं, असं मला मनापासून वाटतं. ऑसिलोस्कोपवरचं ते दुसरं टोक आमच्या मुलांनी मुंबईला न जाता पाहावं.