ग्राफिक कार्ड घेण्याआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा

प्रश्न : मी ताडकळस (ता. पूर्णा, जि. परभणी) येथील निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरचा जुना कॉम्प्युटर विंडोज 10 वर चालायचा. त्याचे अपडेट बंद झाल्यापासून त्यावर बँकेचं काम करायची धास्ती वाटते, म्हणून नवा जोडून घेतोय. काम म्हणजे पेन्शनचे कागद, सातबारा, मराठी टायपिंग, नातवंडांचे फोटो आणि रात्री यूट्यूबवर कीर्तन. धाकटी मुलगी बारावीला आहे, इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. गेम आमच्याकडे कुणी खेळत नाही. परभणीच्या एका दुकानाचं कोटेशन सोबत जोडलंय. एकूण 52,000 रुपये, त्यात 4 जीबी ग्राफिक कार्डाचे 6,500. दुकानदार म्हणतो, कार्ड नसेल तर स्क्रीनवर काही दिसणारच नाही. पुतण्या म्हणतो, गेम न खेळणाऱ्याला कार्ड लागतच नाही, तुम्हाला गंडवतायत. कुणाचं खरं मानू? शिवाय पक्कं बिल नको म्हटलं तर दुकानदार दोन हजार कमी करतो, आणि हप्त्यावर घेतलं तर व्याज नाही म्हणतो. त्याबद्दलही सांगावं.
— एक वाचक, ताडकळस

उत्तर : गुरुजी, दोघांचंही खरं आहे. कोटेशनची दुसरी ओळ पाहा. तिथे प्रोसेसर लिहिलाय ‘आय5-12400एफ’. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांमध्ये चित्र पडद्यावर पाठवणारा भाग आतच असतो, मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर तो भाग बंद केलेला असतो. म्हणून या प्रोसेसरला कार्ड लावावंच लागेल, दुकानदार खोटं बोलत नाही. पण ‘एफ’वाला प्रोसेसर निवडला त्यानेच. तोच प्रोसेसर ‘एफ’शिवाय, म्हणजे नुसता ‘आय5-12400’, घेतला तर पुतण्याचं म्हणणं खरं ठरतं. या दोन प्रोसेसरांच्या किमतीत फरक असतो, पण तो सहसा 6,500 च्या बराच खाली राहतो. ‘एफ’ स्वस्त दाखवायचा आणि त्यापायी कार्ड विकायचं, असा हा हिशेब आहे.

एएमडीच्या बाबतीत अक्षरांचा अर्थ उलटा लागतो. रायझन 5 5600 मध्ये ग्राफिक नाही, 5600जी मध्ये आहे आणि चांगलं आहे. रायझनच्या 7000 मालिकेत बहुतेकांना कामापुरतं ग्राफिक आहे, पण 7500एफ ला नाही. कुठलाही प्रोसेसर ठरवण्याआधी शेवटचं अक्षर तपासा.

आता कार्डाकडे वळू. कोटेशनमध्ये ‘4 जीबी’ ठळक आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘जीटी 730, डीडीआर3, 64 बिट’. हे कार्ड 2014 सालचं. चार जीबी ही नुसती जागा झाली, त्या जागेतून माहिती किती वेगाने ये-जा करते ते बिट आणि डीडीआर सांगतात. या कार्डाचा तो वेग सेकंदाला सुमारे 14.4 जीबी आहे. तुमच्याच कोटेशनमधल्या डीडीआर4-3200 रॅमची एक पट्टी 25.6 जीबी वेग देते, दोन पट्ट्या लावल्या तर 51.2. प्रोसेसरमधलं ग्राफिक हीच रॅम वापरतं. म्हणजे साडेसहा हजार मोजून तुम्ही फुकटात मिळणाऱ्या वस्तूपेक्षा हळू वस्तू घरी आणणार.

यूट्यूबचंही तेच. यूट्यूब आपले व्हिडिओ व्हीपी9 आणि एव्ही1 या पद्धतींनी दाबून पाठवतं. 12400 मधलं अंगचं ग्राफिक या दोन्ही पद्धती स्वतः उलगडतं. जीटी 730 ला व्हीपी9 सुद्धा उलगडता येत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घुमायला लागतो.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट सुरक्षेची. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून तुम्ही जुना कॉम्प्युटर सोडताय, योग्यच आहे. पण या जातीच्या कार्डांना एनव्हिडियाने 2021 नंतर नवे ड्रायव्हर देणं थांबवलं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही सप्टेंबर 2024 मध्ये संपवल्या. ज्या कारणासाठी घरातला डबा बाहेर काढला, तेच कारण नव्या डब्यात बसवून आणायचं का? याच दुकानात तुम्हाला जीटी 1030 सुचवतील, ते याहून बरं आहे, 2017 चं आहे. पण त्याचेही नवे ड्रायव्हर 2025 च्या अखेरीस थांबले, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. तुमच्या कामाला तेही नको.

तेव्हा माझं मत असं : ‘एफ’ नसलेला 12400 किंवा 5600जी घ्या. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयचं सॉकेट आहे ना, ते दुकानातच पाहा, आणि कॉम्प्युटर चालू करून मॉनिटर त्याच सॉकेटला लावून बघा. वाचलेल्या पैशांतून 16 जीबी रॅम एका पट्टीऐवजी 8-8 च्या दोन पट्ट्यांत मागा. उरलेली रक्कम चांगल्या एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, खर्च करा. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणारा एसएमपीएस फुकटही महाग पडतो. लोडशेडिंगच्या गावात तर नक्कीच, कारण लाइट जाऊन येताना पहिला धक्का तोच झेलतो. यूपीएसही अंदाजपत्रकात धरा. कार्ड नसलं की तोच यूपीएस थोडा जास्त वेळ पुरतो. वीजबिलाची भीती मात्र कुणी घातली तर मनावर घेऊ नका. रिकामं बसलेलं छोटं कार्ड दहा वॅट खात असेल आणि मशीन रोज पाच तास चालत असेल, तर महिन्याला दीड युनिट होतं.

मुलीसाठी आत्ताच कार्ड घेऊन ठेवू, असं मनात येईल. घेऊ नका. बारावीच्या अभ्यासाला आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागणारं काम, अगदी साध्या प्रोग्रॅमिंगपासून कागदावरच्या नकाशासारख्या टू-डी रेखाटनांपर्यंत, अंगच्या ग्राफिकवर होतं. थ्री-डी मॉडेल, रेंडरिंग किंवा एआयचं शिक्षण आलं तर चांगलं कार्ड लागेल, पण ते 4 जीबीचं जीटी 730 नसेल. मदरबोर्डवर कार्डाची खाच मोकळीच राहणार आहे, त्या वेळी त्या वेळचं कार्ड बसवता येईल. खाचेतून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. बरा एसएमपीएस घ्या म्हणतो ते यासाठीही. आणि खरं सांगायचं तर, मुलीचा नंबर नांदेडच्या गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत लागो की संभाजीनगरला, ती होस्टेलला राहील आणि लॅपटॉप मागेल. ते पैसे आत्तापासून राखून ठेवा.

आता कायद्याचा भाग, कारण दोन हजारांची सूट तिथेच महाग पडते.

जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरला एकच अशी वॉरंटी नसते. रॅमची एक कंपनी, एसएसडीची दुसरी, मदरबोर्डची तिसरी, प्रत्येकाची मुदत वेगळी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बिल आणि सिरियल नंबर दाखवावा लागतो. पक्कं बिल नसेल तर दोन वर्षांनी एसएसडी गेल्यावर तुम्ही आणि दुकानदाराची आठवण, एवढंच उरतं. पक्कं बिलही ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, 1 नग, 52,000’ असं एका ओळीत असेल तर अर्धंच कामाचं. प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल, शेवटच्या अक्षरासकट, आणि सिरियल नंबर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. जीएसटी 18 टक्के आहे. 52,000 मध्ये कर धरलेला असेल तर त्यातले सुमारे 7,930 रुपये कराचे होतात. दुकानदार त्यातले दोन हजार तुम्हाला देऊन बाकीचे स्वतःकडे ठेवू पाहतो, हे ध्यानात घ्या. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी व्यवहार आहे.

कोटेशन मागण्याची रीतही महत्त्वाची आहे. दुकानात जाऊन ‘अमुक कंपनीचं अमुक कार्ड द्या’ म्हणू नका. आधी कामं सांगा, तीही व्हॉट्सॅपवर लिहून : पेन्शन, बँक, यूट्यूब, फोटो, गेम नाही, दोन वर्षांनी कदाचित कार्ड बसवणार. मालविक्री कायदा 1930 च्या कलम 16 प्रमाणे, ग्राहकाने उपयोग सांगितला आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या उपयोगाला योग्य असण्याची अट गृहीत धरली जाते. नुसतं नाव घेऊन मागितलेल्या मालाला हे संरक्षण दुबळं पडतं. मग कोटेशन पटलं की मॉडेलची नावं बिलावर येऊ द्या. बिलावर 12400 आणि पेटीत 12400एफ निघाला, तर कलम 15 आहे : वर्णनाप्रमाणे माल नसेल तर तो नाकारता येतो. घरी नेऊन मशीन चालू झाल्यावर विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का बिलावर असेल तर घाबरू नका. सदोष माल परत न घेणं हाही 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी व्यवहार आहे : बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत. मात्र माल चांगला आहे आणि तुमचं मन बदललं, याला हे कलम लागू नाही.

बिनव्याजी हप्त्याबद्दल. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना शून्य टक्के योजनांबद्दल बजावलं, कारण व्याज कुठेतरी लपलेलं असतं. ते शोधायला एकच प्रश्न विचारा : रोख दिले तर किती? रोख 50,000 आणि हप्त्यावर 52,000 असेल, तर ते दोन हजार म्हणजेच व्याज. वर प्रोसेसिंग फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. ऑक्टोबर 2024 पासून फायनान्स कंपनीने कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. ते मराठीत मागा. पेन्शनरला एकरकमी देणं जमत असेल तर हप्त्यात पडायचं काही कारण नाही.

बिघडलंच तर आधी दुकानाला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तेवढ्याने भागलं नाही तर परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग. माल नांदेडहून किंवा हैदराबादहून आणला असला तरी राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे.

प्रश्न : माझा पूर्ण्यात लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. व्हिडिओ एडिटिंगसाठी 8 जीबीचं जुनं कार्ड निम्म्या किमतीत मिळतंय. विकणारा ओळखीचा नाही, बिल हरवलं म्हणतो. घ्यावं का?
— एक वाचक, पूर्णा

उत्तर : तुम्हाला कार्डाचा उपयोग आहे, हा भाग वेगळा. पण हे कार्ड नको. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम चलनाचं कार्डांवरचं खनन बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली ढीगभर कार्डं जुन्या बाजारात आली, ती अजून फिरतायत. दुसरी तऱ्हा त्याहून वाईट : आणखी जुन्या चिपवर जीटीएक्स 1050 टीआय असं खोटं नाव चढवलेली कार्डं. ‘जीपीयू-झेड’ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर अशी बरीच बनावट कार्डं ओळखतं. जुनं घ्यायचंच असेल तर विक्रेत्याच्या मशीनवर ते चालवून, तासभर व्हिडिओ रेंडर करून, मग पैसे द्या.

कायद्याची मदत इथे तोकडी आहे. दर्जाची गृहीत अट त्या वस्तूचा व्यापार करणाऱ्यालाच लागू होते, घरातलं कार्ड एकदा विकणाऱ्याला नाही, आणि ग्राहक आयोगातही असा माणूस व्यापारी ठरणं कठीण. दुकानातून पक्क्या बिलाने घेतलंत आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर कराची वजावट मिळते. पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याचं साहित्य असेल तर ग्राहक म्हणून तक्रारही करता येते.

एक गोष्ट आवर्जून : इंटेल घेणार असाल तर कार्ड लावूनसुद्धा ‘एफ’ नसलेलाच प्रोसेसर घ्या. त्याच्या अंगच्या ग्राफिकमधली ‘क्विक सिंक’ सोय व्हिडिओ उलगडायला आणि बनवायला एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कामी येते. आधी महिनाभर तेवढ्यावर काम करून बघा, कार्डाचा निर्णय त्यानंतर घ्या.